दात हिरडीत घुसलाय, तार लावू का?

प्रश्न : माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. पोळ्याला बैलं मारुतीला नेताना पुढं पळाला आणि पायरीवर तोंडावर आपटला. वरचा समोरचा एक दात निम्मा हिरडीत घुसला. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले, हात लावू नका, आपोआप खाली येईल. आता दसरा तोंडावर आला, दात जागचा हलला नाही. तेच डॉक्टर आता म्हणतात, तार लावून ओढू. सासूबाई म्हणतात, दुधाचा असेल, काढून टाका, नवा येईल. काय करू?
– एक आई, औसा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंची समजूत घाला. समोरचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी पक्के येतात; हा गेला तर दुसरा नाही.

डॉक्टर तेव्हाही बरोबर होते, आत्ताही आहेत. या वयात मुळाचं टोक उघडं असतं, त्यामुळं असा दात बऱ्याचदा स्वतःहून उतरतो. त्याला साधारण ४ आठवडे द्यायचे. तोवर हलला नाही, तर मात्र ओढायचा. एरवी मार लागलेल्या दाताला तार लावायला आम्ही काही महिने थांबतो. आत घुसलेल्या दाताला ती सवड नाही.

उशीर झाला तर मूळ हाडाला चिकटतं. असा दात ठोकला की टणक, भांड्यासारखा आवाज येतो. त्याला तार लावली तर तो जागचा हलत नाही, उलट शेजारचे चांगले दातच त्याच्याकडं ओढले जातात. म्हणून तार बांधण्याआधी "दात चिकटला तर नाही ना?" एवढं विचाराच. मी लातुरात इतकी वर्षं तारा बांधतोय, हा प्रश्न विचारणारे पालक क्वचितच भेटले.

तार झेपेल. मागच्या दोन पक्क्या दाढा आणि समोरचे दात यांचा आधार घेऊन अगदी हलका ताण देतात. घाई करून जोर लावणारा नको. दात खाली आला की काही आठवडे तो शेजाऱ्यांना बांधून ठेवतात.

आतली नस मरू शकते. दात काळपट पडला, हिरडीवर पुळी आली, तर त्याच दिवशी दाखवा. काही दिसलं नाही तरी पहिल्या वर्षी सांगतील तेव्हा, पुढं ५ वर्षं वर्षातून एकदा फोटो काढा. औशाहून लातूर काही लांब नाही. आणि पहिला फोटो जपून ठेवा. पुढचे सगळे त्याच्याशीच ताडून पाहायचे असतात.