अण्णांनी एकच प्रश्न विचारला

पत्र थोडक्यात असं: "मी वाळूजजवळ बजाजनगरात राहते. माझे वडील, अण्णा, एका कारखान्यात १८ वर्षांपासून परमनंट आहेत. त्यांच्या युनियनचा शिक्षण ट्रस्ट आहे. त्यासाठी प्रत्येक सभासदाच्या पगारातून महिन्याला ५० रुपये कापतात. माझ्या एमबीएच्या फीपैकी ७०,००० रुपये त्या ट्रस्टने भरले. आता शेंद्र्याच्या एका कंपनीत एचआरमध्ये नोकरी लागली आहे. हे कळल्यावर युनियनचे एक काका चारचौघांत म्हणाले, 'आमच्याच पैशावर शिकली, आता आम्हालाच नोटिसा काढील.' अण्णांनी ऑफर लेटर वाचलं, 'तिथं परमनंट किती अन् कंत्राटी किती?' एवढंच विचारलं आणि कागद कालनिर्णयामागं खोचून ठेवला. मला आकडा माहीत नव्हता. तेव्हापासून घरात धड बोलणं नाही. पैसे परत करून मोकळी होऊ, की नोकरीच नाकारू?" – वाळूजची लेक

लेकी,

नोकरी घे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील.

आता हिशोब. महिन्याला ५०, वर्षाला ६००, अठरा वर्षांचे १०,८००. ट्रस्ट अण्णा लागले त्याच दिवशी सुरू झाला असं धरलं तरी त्यांचे एवढेच. तुला मिळाले ७०,०००. उरलेले ५९,२०० दुसऱ्यांचे. ज्यांना मूलबाळ नाही त्यांचे. ज्यांचा पोरगा दहावीला गणितात आपटला आणि रिक्षा चालवतो त्यांचे. ज्यांनी पोरीचं बारावीनंतर लगेच लग्न लावून दिलं त्यांचेही. टोमणा मारणाऱ्या काकांचेही त्यात आहेत, पण तेही महिन्याला ५०च. साऱ्या सभासदांच्या वतीने बोलायचा मक्ता काही त्यांच्याकडे नाही.

हा उपकार नव्हता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात, युनियनचा निधी कशाकशावर खर्च करता येईल याची यादी कलम १५ मध्ये होती, आणि सभासदांवर अवलंबून असलेल्यांचं शिक्षण त्या यादीत होतं. तिकडे दक्षिण आफ्रिकेत खाणकामगारांच्या राष्ट्रीय युनियनने १९९७ साली असाच शिक्षण ट्रस्ट काढला. नाव दिलं जे. बी. मार्क्स यांचं, १९४६ च्या खाणकामगारांच्या मोठ्या संपाचे पुढारी. खाणीत उतरणाऱ्याची पोरं विद्यापीठात जावीत म्हणून शिष्यवृत्त्या. आता खाणीच्या गावचं पोर इंजिनिअर झालं तर नोकरी कुठं धरणार? बहुतेक खाणीतच, आणि मॅनेजमेंटच्या बाजूनं. पोरांनी आपल्याच मशीनवर उभं राहावं असं वाटत असतं, तर कुणी पगारातून पैसे कापू दिलेच नसते.

माझंही सांगते. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात हमाली करायचे. दर जूनला हमालांच्या संघटनेकडून आम्हा पोरांना वह्या मिळायच्या, मंडपात, हार-तुऱ्यांत, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर एका पुढाऱ्याचा हसरा फोटो. घरी आल्या आल्या मी त्याच्यावर खाकी कव्हर चढवायची. लाज वह्यांची नव्हती. वडिलांच्या पाठीवरच्या पोत्यांतून आलेल्या वह्या, आणि हसतंय भलतंच कुणी, याचा राग होता. म्हणून काकांचं बोलणं तुला का लागलं ते मला कळतं.

पण काकांना अगदीच खोटं पाडू नकोस. त्यांना तुझी नाही, टेबलाच्या पलीकडच्या बाजूची भीती वाटते, आणि ती त्यांनी अनुभवातून कमावलेली आहे. एचआरमध्ये एखाद दिवशी तुला कुणाला आरोपपत्र द्यावं लागेल. ते लागणारच नाही असं सांगून मी तुला फसवणार नाही. त्या दिवशी एवढं कर: त्याला वाचता येईल अशा साध्या मराठीत लिही, आणि चौकशीत सोबत सहकारी आणण्याचा हक्क आहे हे त्याला स्वतःच्या तोंडानं सांग.

पैसे परत करायचं म्हणतेस. ते कर्ज नव्हतं, तर परतफेड कसली? "मोकळी होऊ" हा शब्द मला खटकला. पहिल्या पगारापासून ट्रस्टला काही द्यावंसं वाटलं तर जरूर दे, पावती घे, फोटो काढू देऊ नकोस. पण मोकळं होण्यासाठी देऊ नकोस.

आता अण्णांकडे येऊ. अण्णा रुसलेत असं तुला वाटतंय. मला नाही वाटत. अगं, त्यांनी तुझा इंटरव्ह्यू घेतला, आणि तू एकाच प्रश्नावर नापास झालीस. पॅकेज किती, केबिन आहे का, बस येते का, हे काही विचारलं नाही. कंत्राटी किती, हेच विचारलं. कारण ट्रस्टचं दुखणं तिथंच आहे. ५० रुपये परमनंटच्या पगारातून कापतात, म्हणून फी परमनंटच्याच पोरांची भरली जाते. त्याच शेडमध्ये, त्याच लाइनवर उभा असलेला गेवराईचा किंवा अंबडचा कंत्राटी कामगार, त्याच्या पोरीला त्यातला एक रुपया मिळत नाही. अठरा वर्षं हे बघणाऱ्या माणसाचा तो प्रश्न आहे.

आणि एचआरच्या खुर्चीवरून त्यातलं थोडं तुझ्या हातात आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. त्यासाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे २५ रुपये कापले जातात, मालक ७५ घालतो. पाच किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला हे लागू आहे, ठेकेदारालाही. ठेकेदारानं भरलंच नसेल तर पोरीनं ९० टक्के आणून काय उपयोग? जून महिन्याची ठेकेदाराची पगारपत्रकं तू स्वतः उघडून बघ.

कंपनीत नवी शेड उभी राहत असेल तर तिथल्या गवंड्यांकडेही जा. बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर पहिल्या दोन मुलांना शिक्षणाला मदत मिळते, इंजिनिअरिंगला वर्षाला ६०,००० आणि मेडिकलला १,००,००० पर्यंत. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गाडी अडते ती या दाखल्यावरच, कारण सही करायची म्हटलं की ठेकेदाराचा फोन लागत नाही. एचआरच्या मॅडमनं केलेला फोन लागतो, हे तुला पहिल्याच महिन्यात दिसेल.

एक मात्र पाळ. कंपनीच्या फायलीतलं घरी बोलायचं नाही, आणि हे अण्णांना रुजू व्हायच्या आधीच सांग. त्यांना वाईट वाटणार नाही. वाटाघाटीत बसलेल्या माणसाला तोंड बंद ठेवण्याची किंमत माहीत असते.

कंत्राटी किती, हा आकडा मात्र गुपित नाही. सकाळच्या शिफ्टला गेटवर दहा मिनिटं उभी राहिलीस तरी पासच्या रंगावरून अंदाज येईल. रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात तो काढ. अण्णा शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, चहा झाला, की कुणी न विचारता सांग: अण्णा, इतके परमनंट, इतके कंत्राटी. ते लगेच दुसरा प्रश्न टाकतील, बहुतेक हाच: "त्यांचा फंड भरतात का?"

तेव्हा जूनची पगारपत्रकं आधी बघून जा.

तुझी,
मावशी