सूज उतरली, दुखणं का नाही? कंडरेच्या दुखापतींबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४४. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी पहाटे वरळी सी फेसवर धावतो. दोन महिन्यांपासून टाचेच्या वरची नस दुखते आहे. उठल्यावर पहिली पावलं लंगडत पडतात, मग पाय मोकळा होतो. रोज सुजेची गोळी घेऊन धावतो. पूर्ण विश्रांती घेऊ का? (एक वाचक, वरळी)

उत्तर : ही नस म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी अ‍ॅकिलीस कंडरा, अर्थात टेंडन. दुखणं दोन महिने जुनं झालं की त्यात दाहाचा, म्हणजे सुजेचा, वाटा थोडाच उरतो. खरी अडचण असते ती कोलॅजेनच्या, म्हणजे कंडरा ज्या प्रथिनाची बनते त्याच्या, तंतूंची वीण विस्कटल्याची, आणि ती काही गोळीने सुधारत नाही. गोळी फक्त वेदना झाकते आणि तुम्ही त्याच कंडरेवर आणखी दहा किलोमीटर काढता. धावणाऱ्यांमधल्या या सवयीची मला मनापासून काळजी वाटते.

पण पूर्ण विश्रांतीही नको. भार मिळाला नाही तर कंडरा आणखी दुबळी होते. स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला व्यायाम तुमच्या इमारतीच्या जिन्यातही करता येईल. कठडा धरा आणि फक्त चवडे पायरीच्या कडेवर ठेवा. दोन्ही पायांनी टाचा वर उचला. मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवा. वर येताना चांगल्या पायाचा जोर लावा. गुडघा ताठ ठेवून १५-१५ चे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढेच. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. थोडं दुखलं तर चालेल, मात्र दुसऱ्या सकाळी लंगडणं वाढलेलं नसावं. दुखणं अगदी हाडालगत असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नका.

धावणं निम्म्यावर आणा. वेगाचा सराव आणि पेडर रोडचा चढ सध्या बंद. १२ आठवडे ऐकून धीर सुटतो, हे मी रोज पाहतो. पण कंडरेला रक्तपुरवठाच कमी असतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की अ‍ॅकिलीसचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे जानेवारीपर्यंत पाय तयार झाला नाही, तर या वर्षीची शर्यत सोडा.

प्रश्न : आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, कपसुद्धा उचलवत नाही. इंजेक्शन घेतलं, दीड महिना छान गेला, आता पहिल्यापेक्षा जास्त दुखतंय. दुसरं घेऊ? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : माझं मत विचाराल तर घेऊ नका. वर्णनावरून हा टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेचं दुखणं, वाटतो. टेनिस न खेळणाऱ्यांनाही तो होतो; सचिन तेंडुलकरलाही २००४ मध्ये यानेच गाठलं होतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने सहा आठवडे झकास जातात. पण ऑस्ट्रेलियात झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत वर्षाच्या शेवटी इंजेक्शनवाले मागे पडले. फिजिओथेरपी घेतलेले तर पुढे होतेच, काहीही न करता नुसती वाट पाहिलेलेही यांच्यापेक्षा बरे होते. तुमचा अनुभव नेमका तसाच आहे.

टेबलावर हात ठेवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या. डाव्या हाताच्या आधाराने मनगट वर उचला, आधार सोडा आणि मनात पाचपर्यंत मोजत खाली सोडा. डबे, पातेली उचलताना तळवा वर ठेवा. कणीक काही महिने दुसऱ्या कुणालातरी मळू द्या, कपडे पिळणंही थांबवा. बोटांना मुंग्या येत असतील तर मानही तपासून घ्यायला हवी.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. कांगा लीगच्या ओल्या मैदानावर घसरला आणि घोटा मुरगळला. कालपासून सूज आहे. सासूबाई आंबेहळदीचा लेप लावायला सांगतात, मुलाचे कोच बर्फ. शेजारी मालिशवाल्याकडे न्या म्हणतात. (एक आई, दादर)

उत्तर : मालिश मुळीच नको. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, पण तो वेदनेसाठी. सूज पार घालवण्याच्या मागे लागू नका. पहिल्या काही दिवसांत त्या सुजेतूनच पेशी येऊन तुटका भाग साफ करतात आणि नव्या तंतूंना बोलावतात. विश्रांती आणि बर्फाचा सल्ला १९७८ मध्ये रूढ करणारे अमेरिकेचे डॉ. गेब मर्किन यांनीही पुढे लिहिलं, की बर्फाने बरं होणं लांबू शकतं. लेप लावला तर हरकत नाही, त्वचा फुटलेली नसावी एवढंच. त्याला चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर आजच एक्स-रे काढा.

प्रश्न : वय ६८. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू आहे. चार दिवसांपासून दोन्ही टाचांच्या वर दुखतंय. वयामुळे असेल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : वयावर ढकलू नका. पुढची गोळी घेण्याआधी, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि हे दुखणं सांगा. बहुतेक वेळा ते औषध बदलून देतात. या गटातल्या अँटिबायोटिकांमुळे कंडरा दुखावते, कधी तुटतेही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. साठीनंतर धोका वाढतो, सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आणखी. तोवर जिने कमी चढा, फिरायला जाऊ नका, आणि वरचा पायरीचा व्यायाम तुम्ही करू नका.

मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, कट्कन आवाज आला किंवा चवड्यांवर उभं राहता येईना, तर कंडरा तुटली असू शकते. पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर सोडा आणि घरच्यांना पोटरी दाबायला सांगा. दाबल्यावर पाऊल हललं नाही, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पाऊल हललं तरी बाकीची लक्षणं असतील तर दाखवून घ्याच.