समुद्र दारात असून मला गोळ्या का घ्याव्या लागल्या

प्रश्न असा आहे: 'स्कूबा डायव्हिंगने किंवा पाण्याजवळ राहिल्याने मानसिक आरोग्य खरंच सुधारतं का? मुंबईत राहणाऱ्याने काय करावं?'

सुधारतं. पण लोक सांगतात त्या कारणाने नाही. आणि एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही, आज लिहितोय ते माझ्या भावोजींमुळे.

मी प्रभादेवीला राहतो. घरापासून चौपाटी चालत सात मिनिटं. २०२२ च्या जूनमध्ये मला पहिला पॅनिक अटॅक आला, तोही लोकलमध्ये. माटुंगा रोड आणि माहीमच्या मधे गाडी उभी, बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, कोणाची तरी ओली बॅग माझ्या पोटात घुसलेली. एकदम छातीत धडधड, हातांना मुंग्या, आणि पक्की खात्री की आपण आता इथेच जाणार. ईसीजी काढला, नॉर्मल. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि मी गाडीत चढायचंच सोडलं. अंधेरीला रोज टॅक्सीने. महिनाअखेरीला खात्यात काय उरत होतं ते विचारू नका.

घरी कळल्यावर भावोजी आले. गिरगावचा माणूस, वीस वर्षं रोज पहाटे चौपाटीवर चालणारा. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अरे, समुद्र दारात आहे तुझ्या. रोज अर्धा तास जाऊन बस. त्या गोळ्या एकदा चालू झाल्या की सुटत नाहीत."

बसलो. दोन महिने बसलो. पुढ्यात समुद्र आणि डोक्यात तेच: उद्या तरी गाडीत चढता येईल का. ओहोटीला वास यायचा, भरतीला प्लास्टिक यायचं. शेजारी बसलेली जोडपी माझ्याकडे संशयाने बघायची. समुद्र बघून मन शांत होतं हे खरं आहे, ते आधी थोडंफार शांत असलं तर. ऑफिसात माझ्याबरोबर वरळी कोळीवाड्यातला एक जण आहे, त्याला विचारलं होतं. म्हणाला, "आमच्याकडे समुद्र म्हटलं की आधी डिझेलचा हिशोब आठवतो."

शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो, गोळ्या सुरू केल्या. ऑक्टोबरात वांद्र्यापर्यंत उभ्याने गेलो, त्या दिवशी घरी पेढे आणले. बायकोने विचारलं कसले, तर सांगता येईना.

डिसेंबरात सगळे मालवणला गेलो. कोकणकन्येने कुडाळ, तिथून मालवण. दुसऱ्या दिवशी स्कूबा. जेट्टीवर पोराने एक फॉर्म पुढे केला: दमा आहे का, बीपी आहे का, पॅनिक अटॅक येतात का, औषधं चालू आहेत का. आमच्यातल्या बाकी प्रत्येकाने वरून खालपर्यंत 'नाही'ची रांग लावली. मी पॅनिक अटॅकच्या ओळीशी थांबलो. भावोजी खांद्यावरून वाकून म्हणाले, "नाही कर. कोण बघतंय?"

मी 'हो' केलं. इन्स्ट्रक्टरने वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "दादा, डॉक्टरांचं पत्र आणा, मग नेतो." ताई, भाचा, भावोजी, सगळे बोटीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला गेले. मी जेट्टीवर, सगळ्यांच्या चपला आणि घड्याळं घेऊन, दीड तास. तेव्हा इतका संताप झाला होता की रात्री जेवलो नाही. आज म्हणतो, त्या माणसाने माझ्यावर उपकार केले. पाण्याखाली घाबरून कोणी श्वास रोखून सुसाट वर आलं, तर छातीतली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, वर येताना तो कमी होत जातो, साधं गणित आहे. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम एकच: श्वास कधी रोखायचा नाही.

आणि माझ्या मते सगळा 'मानसिक फायदा' इथे आहे.

डॉक्टर पत्र द्यायला लगेच तयार नव्हते. झोप आणणारी गोळी बंद झाली, अटॅक येऊन तीन महिने उलटले, तेव्हा २०२३ च्या मार्चमध्ये दिलं. परत मालवण. खाली फार तर वीस फूट. उतरताना नाक दाबून कान मोकळे करायचे, मागून इन्स्ट्रक्टरने सिलेंडर धरलेला. पहिल्या दोन मिनिटांत मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं आणि मला ओळखीची ती धडधड सुरू झाली. माहीमचीच. त्याने माझ्या समोर येऊन तळहात हळूहळू खाली आणला, पुन्हा वर, पुन्हा खाली. बाकी काही नाही. तेव्हा लक्षात आलं की मला माझा श्वास ऐकू येतोय. आत घेताना खरखर, सोडताना बुडबुड. लोकलमध्ये श्वास बिघडलेला कळतच नाही, एकदम छातीच कळते. इथे तो कानाशी वाजत होता. बुडबुड लांबवली की धडधड उतरत होती. मी मोजायला लागलो. अकराव्या की बाराव्या बुडबुडीला डोळे उघडे आहेत हे जाणवलं, आणि समोर काळे-पिवळे पट्टेवाले मासे होते. (फोटोसाठी माशांना पाव चारतात, तो प्रकार बंद व्हायला हवा. पाव हे माशांचं खाणं नाही.)

वर आलो तेव्हा मला शांत-बिंत काही वाटलं नाही. भूक लागली होती, प्रचंड. पण पुढच्या आठवड्यात गाडी दादरच्या अलीकडे थांबली, तेव्हा मी तोंडाने हळू बुडबुड सोडत उभा राहिलो. समोरच्याला वाटलं असेल वेडा आहे. अटॅक आला नाही.

हे भावोजींना सांगितलं तर त्यांनी व्हॉट्सॲपवर एक बातमी पाठवली: इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांचा २०१९ सालचा अभ्यास, आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांचं आरोग्य चांगलं. खाली लिहिलं, 'मी काय म्हणत होतो!' मी तो काढून वाचला. त्यात बागा, जंगलं, किनारे सगळंच आलं, आणि बाहेर गेल्यामुळे लोक बरे राहतात की बरे असलेलेच बाहेर जातात हे त्यावरून ठरत नाही. त्यांना हे लिहून पाठवलं. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

मुंबईत काय करावं? इथल्या गढूळ पाण्यात डायव्हिंग विसरा, स्वतःचा हात दिसणार नाही. शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावासारखा एखादा तलाव पकडा, नंबर लागायला वेळ लागतो पण लागतो. पाण्यात तोंड बुडवून लांब श्वास सोडणं तिथेही होतं, आणि मालवणच्या एका फेरीच्या खर्चात बरेच दिवस निघतात. चौपाटीवरही जा, नाही कोण म्हणतं, पण बसू नका, चाला. फोन घरी ठेवा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करून डायव्हिंगला जाऊ नका. सर्दी असेल तर उतरू नका, कान जातील. विमानाने परतणार असाल तर डाइव्ह आणि विमान यांत एक अख्खा दिवस ठेवा. पावसाळ्यात तिथे स्कूबा बंद असतं. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर समुद्राकडे अजिबात जाऊ नका, १४४१६ ला फोन करा. सरकारी टेली-मानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि फॉर्म खरा भरा. मार्चला भावोजी पण आले होते, पुन्हा उतरायचं म्हणून. बीपीच्या ओळीशी पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी किल्ल्याकडे. 'हो' केलं. दोन वर्षं गोळी घेत होते, ताईशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बोट सुटली तेव्हा माझ्या चपला मांडीशी घेऊन ते जेट्टीवर बसले होते.

परतीच्या गाडीत पनवेल येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "काही म्हण, शेवटी समुद्रानेच बरा झालास ना?"