वाचकांचे प्रश्न : श्रद्धेच्या विषयावरची कादंबरी स्वतः छापताना

प्रश्न : माझी आजी महानुभाव पंथाची उपदेशी, म्हणजे संसारात राहून पंथाचा उपदेश घेतलेली होती. तिच्या तोंडून ऐकलेल्या लीळांच्या, म्हणजे पंथाच्या अवतारांविषयीच्या आठवणींच्या आधारे मी रिद्धपूरच्या पार्श्वभूमीवर एक कादंबरी लिहिली आहे. काळ श्रीचक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या अखेरच्या वर्षांचा असून गोष्ट सांगणारी कुंभारीण काल्पनिक आहे. दोन प्रकाशकांनी ‘विषय नाजूक आहे’ असे कळवल्यामुळे पुस्तक स्वतःच छापायचे ठरवले आहे. मात्र दोन गोष्टी मनाला खातात. कुंभारणीच्या आठवणींत पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी येतात, त्यांच्या तोंडी मी रचलेली वाक्ये घालावीत का? आणि स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात करताना देवाच्या नावावर माल खपवल्यासारखे वाटते, त्याचे काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, पत्रासोबत आपण पाठवलेली तीन प्रकरणे मी दोनदा वाचली. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की घालू नयेत. पंथीयांच्या दृष्टीने स्वामी पंचकृष्णांपैकी एक, म्हणजे साक्षात परमेश्वराचा अवतार आहेत, आणि त्यांची वचने हेच पंथाचे शास्त्र आहे. पंथातले विद्वान केशोबास यांनी ती वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. अशा वेळी आपण रचलेले एक वाक्य, ते कितीही सुंदर असले तरी, भाविक वाचकाला शास्त्रात केलेली भर वाटणार आणि त्याचे दुखावणे आपल्याला गैर म्हणता येणार नाही. स्वामींच्या तोंडी ‘लीळाचरित्रा’त, म्हणजे म्हाइंभटांनी जमवलेल्या स्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात नोंदलेले तेवढेच ठेवावे. कल्पनेला मोकळे रान आहे ते त्यांना पाहणाऱ्या माणसांत, म्हणजे कुंभारणीत, तिच्या सासूत, पाणवठ्यावरच्या बायांत.

याची वाट म्हाइंभटांनीच घालून दिली आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळा गोळा करताना ते ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन विचारत राहिले, आणि सांगणाऱ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे पाठभेद टिपले गेले. आपल्या कुंभारणीलाही ‘मी असे ऐकले, पण शेजारीण वेगळे सांगते’ असे म्हणू द्या. त्या दोन आठवणींमधल्या अंतरात कादंबरीला पुष्कळ जागा मिळते, आणि कुणाच्या श्रद्धेला धक्काही लागत नाही.

काळाच्या बाबतीत मात्र आपला हात थोडा सैल पडला आहे. दुसऱ्या प्रकरणात कुंभारीण भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढते. मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तो 1498 मध्ये, म्हणजे आपल्या कथेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. तिखट हवेच असेल तर आले आहे, मिरे आहेत. गरिबाघरी मीठ-कांदाही शोभेल. बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग आणि तंबाखू यांनाही त्या घरात प्रवेश नाही. भाषेचेही तसेच. ‘मी दरवाजा लोटला आणि माझी नजर जमिनीकडे गेली’ या आपल्या वाक्यात दरवाजा, नजर आणि जमीन हे तिन्ही शब्द फारसीतून आलेले आहेत, आणि बोलणारी बाई यादवांच्या राज्यातली आहे. ‘मी कवाड लोटले आणि माझी दृष्टी भुईकडे गेली’ असे म्हटले की शब्द सगळे ओळखीचेच राहतात, पण घर त्या काळातले होते. बाजाराला हाट म्हणावे, मिनिटांऐवजी घटका मोजाव्यात. संपूर्ण निवेदन यादवकालीन मराठीत करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तिसऱ्या पानावर वाचक दमतो.

आता जाहिरातीविषयी. आपला संकोच मला खरा वाटतो आणि तो जपावा असेही वाटते, कारण काय करू नये हे तोच सांगेल. मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ हा शब्द ठळक असावा. ‘अस्सल चरित्र’ किंवा ‘पंथमान्य’ असे काहीही नसावे, महंतांचे छायाचित्र तर नकोच. आरंभीच्या मनोगतात कोणती पात्रे आणि प्रसंग कल्पित आहेत ते नावानिशी सांगावे. छपाईपूर्वी मोठ्या टायपातली एक प्रत रिद्धपूरच्या एखाद्या आश्रमातील जाणत्या महंतांना आणि दुसरी पंथाबाहेरच्या, जुन्या मराठीच्या अभ्यासकाला द्यावी. ज्यांनी हे ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत शतकानुशतके जिवापाड जपले, त्यांच्याकडे आधी जाणे हे आपले कर्तव्यच आहे. त्यांच्याकडे आशीर्वादाचे चार शब्द मागू नयेत, चुका मागाव्यात. त्यांनी दाखवलेली प्रत्येक चूक मान्य करायलाच हवी असे नाही, पण ती छापण्याआधी कळायला हवी.

एवढे केल्यावर पुस्तक विकताना मान खाली घालू नये. आपण मागता ती किंमत कागदाची, छपाईची आणि आपल्या श्रमांची आहे. केशोबास संस्कृतात लिहू पाहत होते तेव्हा स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील ही त्यांची चिंता होती. शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचवण्याची ही तळमळ पंथाच्या मुळाशीच आहे, आणि आपल्या आजीसारख्या वाचकांपर्यंत पुस्तक नेण्यात मला म्हणूनच काही वावगे दिसत नाही. एखादे पान स्वतःच्या आवाजात वाचून व्हॉट्सॲपवर पाठवावे. बारीक टाइप न वाचता येणारे ज्येष्ठ ते आवर्जून ऐकतात. भजनाच्या किंवा पंथाच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला स्वामींचा अवतारदिन असतो, त्या सुमारास वाचनाचा छोटा कार्यक्रम ठेवता येईल. शिवाय जिल्ह्याचा ग्रंथोत्सव आहे, 1923 पासून चालत आलेला आपला विदर्भ साहित्य संघ आहे, आणि तालुक्या-तालुक्यातली सार्वजनिक ग्रंथालये आहेत. माझा सर्वाधिक भर या ग्रंथालयांवर असेल, कारण तिथली एक प्रत कितीतरी घरांत फिरते.

वितरकाला प्रती देताना संख्या, सवलत आणि हिशेबाची तारीख लिहून घ्यावी. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या दोनशे प्रती मी केवळ ओळखीवर एका वितरकाकडे ठेवल्या. दोन वर्षांनी निम्म्या परत आल्या, त्याही ओल धरलेल्या, आणि बाकीच्यांचा हिशेब मागायला माझ्याकडे साधी पावतीही नव्हती. ते दुःख आपल्या वाट्याला येऊ नये.

प्रश्न : स्वतः प्रकाशित करणाऱ्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक मिळतो का? प्रती किती काढाव्यात?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो आणि त्यासाठी शुल्क नाही, त्यामुळे मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. पहिल्या खेपेला तीनशे प्रती पुरेत. डिजिटल छपाईत नंतर पन्नासही काढता येतात आणि तोवर सापडलेल्या चुका दुरुस्त होतात. किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येते. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते, आणि इथे प्रकाशक आपणच आहात. तेव्हा त्या चार प्रती छपाईच्या हिशेबात आधीच धराव्यात.