पुरात नदीतलं नायट्रेट एका ठिकाणी वाढतं आणि दुसरीकडे घटतं, असं का?

तुमच्या दोन्ही नोंदी बरोबर असणार: शेतीच्या पट्ट्यात पूर आला की नायट्रेट (नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप) चढतं, शहराच्या खालच्या अंगाला मात्र उतरतं. शहराचं सांडपाणी वर्षभर जवळपास सारखंच येतं, त्यामुळे नदी आटली की ते दाट होतं आणि पुरात पातळ होतं. शेतातलं नायट्रेट मात्र पाऊस पडेपर्यंत मातीतच थांबलेलं असतं.

यामागे साधं रसायनशास्त्र आहे. युरियापासून आधी अमोनियम बनतं. त्यावर धनभार असल्याने ते चिकणमातीला धरून राहतं. उबदार, ओलसर मातीत जिवाणू काही आठवड्यांत त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋणभार असतो, माती त्याला धरत नाही. खत नुकतंच पडलंय, पीक अजून लहान आहे आणि जोराचा पाऊस झाला, तर सगळ्यात जास्त नुकसान तेव्हाच होतं. कापणीनंतरच्या उघड्या रानातूनही उरलेलं नायट्रेट असंच निसटतं.

आता 'घटलं' या शब्दाकडे नीट बघा. विसर्ग, म्हणजे नदीतून दर सेकंदाला वाहणारं पाणी, घनमीटर प्रति सेकंदात घ्या, त्याला मिलिग्रॅम प्रति लिटरने आणि 86.4 ने गुणा, की दिवसाचा भार, म्हणजे दिवसभरात वाहून गेलेलं एकूण नायट्रेट, किलोत मिळतो. 2 घनमीटर विसर्गात 6 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 1,037 किलो. 40 घनमीटरमध्ये 3 मिलिग्रॅम म्हणजे 10,368 किलो. प्रमाण निम्मं झालं, भार दहापट! म्हणून विसर्गाशिवाय घेतलेला नमुना मला अर्धवटच वाटतो.

महिन्यातून ठरलेल्या तारखेला एक नमुना घेतलात तर पूर हुकतोच. पूर चढताना आणि ओसरताना, दोन्ही वेळा घ्या. गाळाला चिकटलेला नायट्रोजन चढत्या पाण्यात येतो. नायट्रेट जमिनीखालून आणि निचऱ्याच्या चरांतून येतं, त्यामुळे त्याचा उच्चांक बऱ्याचदा मागाहून दिसतो.

उगम शोधायचा तर प्रत्येक संगमाच्या आणि नाल्याच्या वर-खाली एकाच दिवशी नमुने आणि विसर्ग घेऊन भारांची बेरीज जुळवा. खाली मिश्रण पूर्ण झालेलं असेल अशीच जागा निवडा. हिशेबापेक्षा भार जास्त निघाला तर भूजलाचा झिरपा तपासा. कमी निघाला तर वनस्पतींनी तो घेतला असेल, किंवा काठच्या दलदलीत आणि तळच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथे जिवाणूंनी नायट्रेटचा वायू करून हवेत सोडला असेल. लहान ओढ्यांत पाण्याचा तळाशी संबंध जास्त, म्हणून हे काम तिथे चांगलं होतं. पुरात पाणी थांबतच नाही, त्यामुळे ते जवळजवळ बंद पडतं.

सांडपाणी नदीला मिळतं त्याच्या खालच्या अंगाला अमोनियाही मोजा, नुसत्या नायट्रेटवर विसंबू नका. नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून 4 अंश सेल्सिअसला ठेवा, नाहीतर बाटलीतले जिवाणू आकडे बदलून टाकतात. आणि अहवालातला आकडा 'नायट्रेट' म्हणून आहे की 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून, हे प्रयोगशाळेला विचारा. दोन्हींत 4.43 पटींचा फरक आहे: जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची 50 मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रोजन म्हणून लिहिली की 11.3 होते.

झिरपा भूजलातून निघाला, तर आज खत कमी केल्याचा परिणाम नदीत दिसायला कित्येक वर्षं, कधी दशकंही लागतात. तेवढ्या काळासाठी मोजणी चालू ठेवण्याची तयारी आधीच करा.