डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर गेलंय, परत कसं मिळवायचं?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळद पावडरीची भागीदारी फर्म आहे. 2021 साली एका वेबसाइट करणाऱ्याने फर्मच्या नावाचं .कॉम डोमेन घेऊन साइट करून दिली. लेखी करार नाही, पण दरवर्षी ‘डोमेन व होस्टिंग’ असं बिल येतं आणि आम्ही ते भरतो. आता काम दुसऱ्याकडे द्यायचं म्हटल्यावर तो म्हणतो, डोमेन माझ्या नावावर आहे, हवं तर 40 हजार द्या. सात आठवड्यांत मुदत संपते. पाकिटांवर तेच नाव छापलेलं आहे. पोलिसांत जावं, की .इन घेऊन मोकळं व्हावं?

उत्तर : .इन मोकळं असेल तर आजच घ्या, पण .कॉमवर पाणी सोडू नका. जुनी पाकिटं अजून दुकानांत आहेत. त्यावरचा पत्ता उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, तर तुमचं गिऱ्हाईक थेट त्याच्या दारात उभं राहील.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. रजिस्ट्रार कंपनीकडे ते वर्षाच्या हिशेबाने, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवलं जातं. तिथे नोंदणीदार म्हणून ज्याचं नाव आणि ज्याचा ईमेल आहे, त्याच्या हातात किल्ली. होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची जागा, ही वेगळी गोष्ट आहे, ती उद्या बदलता येईल. तुमची अडचण फक्त या नोंदीची आहे, आणि मुदत संपत आल्याची सूचनाही त्याच्याच ईमेलवर जाणार, तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

म्हणून आधी आयकॅनच्या (डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणारी संस्था) लुकअप पानावर डोमेन टाकून पाहा. नोंदणीदाराचं नाव बहुधा झाकलेलं असेल. पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते, हे दिसेल. खाली ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असं दिसलं तर घाबरू नका. ते नेहमीचं कुलूप आहे, खातेदाराला ते काढता येतं. या पानाची तारखेसह प्रिंट काढून ठेवा.

आता कायद्याची बाजू. डोमेन नाव हे नुसता पत्ता नसून व्यापारी नावासारखं संरक्षण त्याला मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या निकालात मान्य केलं. ट्रेडमार्क नोंदलेला नसला तरी आधीपासूनच्या वापरावर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवल्याचा, दावा उभा राहतो. माझ्या मते त्याहून भक्कम आधार तुमच्या बिलांचा आहे. तुमच्यासाठी, तुमच्या पैशाने त्याने नोंदणी केली, म्हणजे तो तुमचा एजंट ठरतो. एजंटाने मालकाला न सांगता मालकाचं काम स्वतःच्या नावावर केलं, तर त्याचा फायदा मालक मागू शकतो, असं भारतीय करार कायद्याचं कलम 216 सांगतं. पण त्याच कायद्याचं कलम 221 त्याच्या बाजूनेही वाचता येतं: मेहनताना थकला असेल, तर तो मिळेपर्यंत एजंट मालकाची वस्तू अडवून ठेवू शकतो. म्हणून खरोखरची काही बाकी असेल तर ती बँकेतून चुकती करा आणि पोच घ्या. 40 हजारांची मागणी मात्र बाकी नव्हे.

पोलीस याला दिवाणी बाब म्हणतील, आणि आजच्या घडीला ते चूक ठरणार नाही. त्याने मुद्दाम डेटा पुसला, तर सायबर तक्रारीचा विचार वेगळा. आयकॅनच्या यूडीआरपी, म्हणजे डोमेनचे वाद सोडवण्याच्या धोरणाखाली तक्रार करता येते. पण अशा तक्रारी ऐकणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाची फीच 1,500 डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, आणि हा कराराचा वाद आहे म्हणून पॅनेल हात वर करू शकतं. तुमच्यासाठी तो रस्ता नाही.

वकिलामार्फत नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: डोमेन फर्मच्या नावावर करा, तोवर ते विकू नका किंवा मुदत संपू देऊ नका, आणि नूतनीकरणाचा खर्च आम्ही देतो. प्रत रजिस्ट्रारलाही पाठवा. रजिस्ट्रार स्वतः निवाडा करणार नाही, पण वाद असल्याचं त्याला कळवल्याची नोंद राहते. दाद नाही लागली तर सांगली जिल्हा न्यायालयात दावा. व्यवहार आणि पैसे सांगलीतून झाले, एवढं अधिकारक्षेत्राला पुरेसं ठरावं. व्यापारी न्यायालय कायद्यात बौद्धिक संपदेच्या यादीत ‘डोमेन नावे’ असा स्पष्ट उल्लेख आहे. दावा 3 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर तो कायदा लागतो आणि एरवी आधी मध्यस्थी सक्तीची होते. तातडीचा मनाई हुकूम मागितला तर ती अट आड येत नाही. तुमच्या सात आठवड्यांत हाच मुद्दा कळीचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल. तोवर तो फोन विकू नका, चॅट पुसू नका.

मुदत संपलीच तर? बरेच रजिस्ट्रार काही दिवस, जास्तीत जास्त 45, नूतनीकरण करू देतात. पण याच काळात नाव लिलावात निघू शकतं. नंतर 30 दिवस जादा आकार भरून सोडवता येतं, मग 5 दिवसांनी ते कुणालाही खुलं. शिवाय या सगळ्या दिवसांत नूतनीकरण होणार त्याच्या खात्यातून, तुमच्या नाही.

तो तयार झाला, तर इथे बरेच जण फसतात. लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला जाऊ नका. .कॉमचा नोंदणीदार बदलला की सहसा 60 दिवस दुसरीकडे हलवण्यावर बंदी लागते आणि तुमची मुदत त्याआधीच संपते. त्याच रजिस्ट्रारकडे फर्मचं खातं उघडा, त्याच्या खात्यातून त्या खात्यात डोमेन ‘पुश’ करून, म्हणजे सरकवून घ्या आणि त्याच दिवशी किमान दोन वर्षं वाढवा. त्याआधी डीएनएसच्या (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या) सगळ्या नोंदी, विशेषतः ईमेलसाठीच्या एमएक्स नोंदी, उतरवून घ्या; नाहीतर ऑर्डरचे मेल बंद पडतील. पैसे द्यायचेच ठरले, तर खात्यात डोमेन दिसल्यावर. साइटच्या कोडचा कॉपीराइट लेखी हस्तांतर नसेल तर त्याच्याकडेच राहू शकतो, तेव्हा त्याच कागदावर कोडचंही लिहून घ्या.

नव्या .इनची आणि .कॉमची, दोन्ही नोंदणी फर्मच्या नावावर. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही जातो. पडताळणीचा मेल येईल, तो 15 दिवसांत उघडून मान्य केला नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं.

ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज (फॉर्म टीएम-ए) आताच टाका, हळद पावडरीचा वर्ग 30. उद्यम प्रमाणपत्र असेल तर ऑनलाइन शुल्क 4,500 रुपये, नाहीतर 9,000. नाव कधीपासून वापरता ते प्रतिज्ञापत्रावर, जुन्या बिलांसह द्या. नावात ‘सांगली हळद’ एवढंच असेल तर त्यावर मक्तेदारी मिळणार नाही, ते भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे त्या भागातल्या मालाचं सामाईक नाव. फर्मचा वेगळा शब्द पुढे ठेवा.