देवगिरीला होडी कुठली?

जालन्याच्या एका ताईंनी विचारलंय : देवगिरीवरच्या पुस्तकांत कुठं 'पडाव' असतं, कुठं 'पाडाव'. खरं काय? आणि 'पतन' चालेल का?

पाडाव. परवा बसस्टँडवरच्या स्टॉलवर एक पुस्तक पाहिलं. वर सोनेरी अक्षरांत 'देवगिरीचा पडाव', खाली गडावरची मेंढा तोफ. गोष्ट 1296ची, अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीची, तोफ औरंगजेबाच्या काळातली. पण तोफेचं जाऊ द्या. पडाव म्हणजे एक तर फौजेचा मुक्काम, नाही तर कोकणातली मालाची होडी. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतं, होडी कुठं घालता? खंदकात?

'हिंदीतला पडावच आपण दीर्घ केला' असं सांगणारे विद्वानही भेटतात. त्यांनी मरणे-मारणे, गळणे-गाळणे एवढं आठवावं. तसंच पडणे-पाडणे, आणि ठरावातला, जमावातला तोच 'आव' लावला की पाडाव. मुळाशी संस्कृत 'पत्'. आणि खरी गंमत इथं आहे : या पत्‌चा जुना अर्थ पडणं जितका, तितकाच उडणं! पतंग त्यातलाच. पत्र म्हणजे आधी पंख, मग पान, मग चिठ्ठी. संक्रांतीला गच्चीवर उडतो तो आणि देवगिरीचा झाला तो, एकाच घरातले.

बखरींत माणसं, हत्ती, घोडेही पाडाव होतात, म्हणजे लढाईत हाती लागतात. या अर्थानं बघितलं तर 1296ला देवगिरीचा यादव राजा रामदेवराव पाडाव झालाच नाही. त्याचा मुलगा शंकरदेव फौज घेऊन बाहेर, गडावर धान्याच्या म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं असं सांगतात. राजानं खंडणी कबूल केली, अल्लाउद्दीन लूट घेऊन परतला. पाडाव झाला तो पुढं, अल्लाउद्दीनाचा सरदार मलिक काफूरनं दिल्लीला नेलं तेव्हा. तिथूनही 'रायरायान', म्हणजे राजांचा राजा, असा किताब घेऊन परत आला! यादवांचं राज्य संपलं 1318ला, रामदेवरावाच्या जावयाबरोबर, हरपाळदेवाबरोबर. पुस्तकवाल्यांना मात्र सगळं 1296लाच उरकायची घाई.

हां, 'पतन' राहिलंच. व्याकरणानं चालतं. पण आमच्याकडं निवडणुकीत कुणी नुसता 'पडला' म्हटलं की पारावरचा म्हातारा लगेच विचारतो, "पडला का पाडला?"